गुलाबी बोंडअळीचे भाऊबंद : मातकट पतंगांच्या एका मोठ्या कुळाची ओळख

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्थानिक पानांवर एक बातमी ठरलेली असते. कपाशीवर गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगाला पकडणारे) लावा, कृषी विभागाचं आवाहन. सोबतच्या फोटोत असते अळी : चिरलेल्या बोंडात सरकीला चिकटलेली, गुलाबी, जाडसर. ती ज्या पतंगाची, त्याचा फोटो क्वचितच छापतात, आणि छापला तरी लक्षात राहावं असं त्यात काही नसतं. लांबी सेंटीमीटरभरही नाही, रंग मातकट राखाडी, पंखांवर काळपट डाग. रात्री बल्बभोवती असे दहा दिसले तर आपण ते हातानं झटकतो आणि जेवायला बसतो.

असल्याच मातकट, बारक्या पतंगांचं एक मोठं कुळ आहे. त्याचं शास्त्रीय नाव गेलेचिइडी. जिभेला जड आहे, म्हणून पुढे शक्यतो नुसतं ‘हे कुळ’ म्हणू. बोंडातली गुलाबी अळी, कोठीतल्या दादर ज्वारीतून उडणारं पाखरू, टोमॅटोच्या पानातली टूटा, साठवलेल्या बटाट्यात शिरणारी अळी आणि भुईमुगाची पानं पोखरणारी अळी, सगळ्या याच कुळातल्या. गंमत म्हणजे ज्या आणखी दोन अळ्यांना आपण ‘बोंडअळी’ म्हणतो, त्या मात्र या कुळात नाहीत. कुणाचं कुळ कोणतं हा प्रयोगशाळेतला प्रश्न वाटतो खरा, पण त्याचं उत्तर वावरापर्यंत पोचतं.

तीन बोंडअळ्या, तीन कुळं

कपाशीवर बोंडं खाणाऱ्या अळ्या मुख्यत्वे तीन. अमेरिकन बोंडअळी, जिला घाटेअळी किंवा हिरवी अळीही म्हणतात, ठिपक्यांची बोंडअळी, जी भेंडीतही असते, आणि गुलाबी. शेतकऱ्याच्या तोंडी तिघींसाठी एकच वाक्य असतं, ‘बोंडमा अळी पडनी’. पण अमेरिकन बोंडअळी नॉक्ट्युइडी कुळातली, म्हणजे मक्यावरच्या लष्करी अळीची नातलग. ठिपक्यांची नोलिडी कुळातली. गुलाबी तिसऱ्याच, आपल्या या कुळातली.

खान्देशात एका गावात पाटलांची चार घरं असतात. आडनाव एक, पण कुळं वेगळी, कधी समाजही वेगळे, कारण पाटील हे मुळात पद. सोयरीक जुळवताना कुणी आडनावावर थांबत नाही, कूळ-मूळ विचारतोच. ‘बोंडअळी’ हेही तसंच पद आहे, बोंड खाणाऱ्याला मिळालेलं. त्यावरून नातं कळत नाही, आणि नात्याबरोबर येणाऱ्या सवयीही कळत नाहीत.

वर्गीकरणातले तीनच शब्द आपल्याला लागतील. आपसात प्रजनन करणाऱ्या जिवांचा गट म्हणजे प्रजाती. जवळच्या प्रजातींचा मिळून वंश, आणि अशा अनेक वंशांचं कुळ. गुलाबी बोंडअळीचं पूर्ण नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. पहिला शब्द वंशाचा, दुसरा प्रजातीचा.

फुलपाखरांपेक्षा पतंग किती जास्त?

फुलपाखरं आणि पतंग मिळून जगात सुमारे एक लाख साठ हजार प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. त्यातली फुलपाखरं अठरा-एकोणीस हजार. बाकी सगळे पतंग. नावं आणि कौतुक मात्र फुलपाखरांच्या वाट्याला जास्त येतं.

आपल्या कुळात सुमारे पाचशे वंश आणि पाच हजारांच्या आसपास नोंदलेल्या प्रजाती आहेत. हे कुळ ज्या मोठ्या गटात बसतं, त्या गटाचा आकडा अठरा हजारांच्या वर जातो. म्हणजे बारक्या, मातकट पतंगांचा हा एक गट जगातल्या सगळ्या फुलपाखरांच्या तोडीचा. आणि ही झाली नावं मिळालेल्यांची मोजदाद. उष्ण प्रदेशात यातले असंख्य पतंग अजून निनावी आहेत. सातपुड्याच्या जंगलात पांढरा पडदा लावून दिवा पेटवला, तर त्यावर बसणाऱ्या बारक्या पतंगांपैकी कितींना नाव सांगता येईल, हा प्रश्न एखाद्या कीटकशास्त्रज्ञाला विचारून पाहावा. मोठे, रंगीत पतंग तो भराभर सांगेल, मग थांबेल.

अळ्यांच्या सवयीही तऱ्हेतऱ्हेच्या. कुणी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून मधला गर खाते, कुणी पान दुमडून रेशमानं शिवून घेते, कुणी खोडात गाठ तयार करून तिच्यात राहते. काही बिया पोखरतात, काही चक्क शेवाळ खातात. बहुतेकींत एक गोष्ट मात्र समान : उघड्यावर राहायचं नाही. पान, कळी, बी, कंद, कशाच्या तरी आत शिरायचं. फवारणी का वाया जाते याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

भिंगाखाली काय दिसतं?

कामगंध सापळ्याच्या पिशवीतला एक मेलेला पतंग पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. आधी डोकं पाहा. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी निघालेले दोन स्पर्शक वर वळून कपाळापर्यंत, कधी डोक्याच्याही वर गेलेले दिसतील. सोंडेच्या बुडाशी खवले असतात, जे इतर बऱ्याच पतंगांत नसतात. मग सुईनं पुढचा पंख अलगद बाजूला करा. मागचा पंख फिकट राखाडी, त्याच्या कडेला लांब केसांची झालर, आणि टोक बोटासारखं पुढे आलेलं. टोकाच्या लगेच खाली कडेला आत गेलेली खोबण. मागच्या पंखाचा हा आकार या कुळाची सगळ्यात सोपी खूण आहे. गुलाबी बोंडअळीच्या पतंगात आणखी एक गोष्ट दिसते : मिशीच्या बुडाशी ताठ केसांची छोटी फणी.

एवढ्यानं कुळ कळतं. प्रजाती कळत नाही, आणि वर्गीकरणाची खरी कटकट तिथूनच सुरू होते.

गुलाबी बोंडअळीला पहिलं शास्त्रीय नाव मिळालं १८४३ मध्ये. नमुने आले होते आपल्या शेजारच्या भडोचच्या कपाशीवरून, आणि नाव दिलं इंग्लंडमधल्या विल्यम सॉन्डर्स यांनी. त्यांनी तिला भलत्याच वंशात टाकलं होतं. आजचा पेक्टिनोफोरा हा वंश ऑगस्ट बस्क यांनी १९१७ मध्ये वेगळा केला.

भारतातल्या बारक्या पतंगांबद्दल बोलायचं तर एडवर्ड मेरिक हे नाव टाळता येत नाही. इंग्लंडमधले हे शाळामास्तर. १९३८ मध्ये वारले तोवर त्यांनी चौदा हजारांहून जास्त प्रजातींना नावं दिली होती. बिहारच्या पुसा इथल्या सरकारी कृषी संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर इथल्या पिकांवर वाढवलेले पतंग त्यांना पाठवत. मेरिकना पंखांच्या शिरा आणि रंग पुरेसे वाटत. पतंगाचं पोट उघडून पाहण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. इतकं अफाट काम करणाऱ्या माणसाचा हा हट्ट पुढच्या पिढ्यांना महागात पडला. त्यांचे नमुने लंडनच्या संग्रहालयात एकेक करून पुन्हा तपासावे लागले.

पोट उघडायचं ते जननेंद्रियासाठी. मातकट पतंग वरून सारखे दिसतात, पण नर-मादीच्या जननेंद्रियांची रचना प्रत्येक प्रजातीत वेगळी असते. म्हणून पोटाचा भाग काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काम किचकट, नजर आणि हात दोन्ही तयार लागतात.

हा खटाटोप कशाला, ते ऑस्ट्रेलियातल्या एका घोळावरून कळतं. क्वीन्सलंडच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. १९२६ मध्ये हॉल्डवे यांनी दाखवून दिलं की ती हुबेहूब दिसणारी वेगळीच प्रजाती आहे, त्याच वंशातली. पुढे १९५८ मध्ये तिथेच जंगली जास्वंदवर्गीय झाडांवर राहणारी तिसरी प्रजातीही नोंदली गेली. अळ्या पाहून हे तिघं वेगळे आहेत असं सहज कुणी म्हणणार नाही.

‘डीएनए तपासला की झालं ना?’

ही शंका रास्त आहे. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटानं एक पद्धत मांडली : प्राण्याच्या एका ठरावीक जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्रजाती ओळखायची. दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघांवरून तिला बारकोडिंग म्हणतात. अळीचा तुकडा किंवा पतंगाचा एक पाय असला तरी चालतं. बंदरावर आलेल्या मालात सापडलेली अळी कुणाची, हे ठरवायला तिचा मोठा उपयोग होतो.

पण रेघा वाचून उपयोग काय, जर यादीत तो मालच नसेल? ज्या पतंगाचं कुणी कधी नाव ठेवलेलं नाही, त्याचा डीएनए फक्त एवढंच सांगतो की हा आपल्या यादीतल्या कुणाशी जुळत नाही. मग पुन्हा तेच : पंख, पोट, काचपट्टी, शंभर वर्षांपूर्वीचा लंडनमधला नमुना. शिवाय एका जनुकावरून सख्खी भावंडं कळतात, दूरचे चुलते नीट कळत नाहीत. त्यासाठी अनेक जनुकं एकत्र वाचावी लागतात.

दादरच्या कोठीतली चुलत बहीण

२०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या कुळातल्या पतंगांची अनेक जनुकं वाचून वंशावळ नव्यानं मांडली. कुळाची सात उपकुळं ठरली. टूटा आणि बटाट्याचा पतंग एका उपकुळात, भुईमुगाची पानं पोखरणारा दुसऱ्यात. गुलाबी बोंडअळी तिसऱ्यात, आणि तिथे तिच्या अगदी शेजारी कोण? धान्यातलं पाखरू, शास्त्रीय नाव सिटोट्रोगा सिरियलेला.

हे पाखरू खान्देशात घरोघरी ओळखीचं आहे. कोठीचं झाकण उघडलं की गव्हाळ रंगाचे बारके पतंग भुर्रकन उडतात. ज्वारी परातीत घेतली की काही दाण्यांना गोल भोक दिसतं. त्याची अळी एका दाण्यात शिरते आणि आतलं पीठ खाऊन तिथेच कोष करते. पण त्याआधी दाण्याच्या सालीला आतून गोल कातरून ठेवते, साल तेवढी शाबूत. पतंग झाल्यावर ती टिकली ढकलून बाहेर. उन्हात न वाळवता भरलेल्या दादरमध्ये हे हमखास होतं, आणि लागण बऱ्याचदा शेतातल्या कणसातच झालेली असते.

सरकीत शिरणारी आणि ज्वारीच्या दाण्यात शिरणारी चुलत बहिणी असाव्यात, यात एक संगती आहे. पण मला त्याहून भारी वाटतो तो वासाचा पुरावा. या पतंगांच्या माद्या अंधारात वास सोडून नराला बोलावतात. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला. तो दोन जवळजवळ सारख्या रसायनांचं मिश्रण आहे, साधारण निम्मं-निम्मं. कामगंध सापळ्यातल्या रबरी गोळीत हेच असतं. पुढच्याच वर्षी धान्यातल्या पाखराचा गंध ओळखला गेला, तर तो निघाला त्या दोनांपैकी एक रसायन, एकटंच. जनुकं वाचायच्या कितीतरी आधी नराच्या मिशांना जे कळत होतं, ते शास्त्रज्ञांच्या वंशावळीत २०१३ मध्ये आलं.

नावं सारखी का बदलतात?

शेतकरी मेळाव्यात हा टोमणा ऐकू येतो : शास्त्रज्ञांचं आपसात ठरत नाही, आम्ही काय ऐकायचं? टूटाचं उदाहरण घ्या. मेरिकनी १९१७ मध्ये पेरूमधल्या नमुन्यांवरून तिला नाव दिलं आणि बटाट्याच्या पतंगाच्याच वंशात ठेवलं, फ्थोरिमिया. पुढच्या अभ्यासकांनी तिला या वंशातून त्या वंशात हलवलं, १९९४ मध्ये ती टूटा झाली. २०१४ मध्ये ती महाराष्ट्रात आणि कर्नाटकात टोमॅटोवर सापडली ती याच नावानं. २०२१ मध्ये पुन्हा तपासणी झाली, आणि ती परत फ्थोरिमियात गेली. म्हणजे शंभर वर्षं फिरून मेरिकच्या घरी.

नाव बदललं म्हणून अळी बदलत नाही. बदलतो तो तिच्या नात्याबद्दलचा अंदाज, आणि त्यातून काही हाती लागतं. बटाट्याच्या पतंगाचे शत्रू, त्याचे गंध, त्याला लागणारे रोग यांचा अभ्यास जुना आहे. तो पतंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर मुंबई इलाख्यात पोचला होता. टूटा त्याची इतकी जवळची असेल, तर नव्या किडीवर उपाय शोधताना पहिली पानं कोणती चाळायची ते कळतं.

उलट बोलीतलं नाव घोटाळा करतं. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या की आपण ‘नागअळी’ म्हणतो. ती रेघ टूटा करते, आणि एक बारीक माशीसुद्धा करते. माशीची रेघ सहसा अरुंद आणि वळणावळणाची, टूटाची पुढे फुगून मोठा डाग होते आणि ती फळातही शिरते. पतंगाचा गंधसापळा लावला तर माशी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

कुळ कळून वावरात काय फरक पडतो?

बीटी कपाशीचीच गोष्ट घ्या. बीटी म्हणजे एका जिवाणूतलं जनुक कपाशीत घालून झाडातच तयार होणारं प्रथिन. अळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागी ते चिकटतं आणि आतडं फुटतं. ती जागा प्रत्येक कुळात, प्रत्येक प्रजातीत थोडी वेगळी. म्हणून तेच प्रथिन एका अळीला मारतं, दुसरीला जेमतेम बाधतं, आणि तुडतुड्यांना तर काहीच करत नाही. २००२ मध्ये एका प्रथिनाची बीटी आली, २००६ मध्ये दोन प्रथिनांची.

मग अमेरिकन बोंडअळी बरीचशी काबूत राहिली आणि गुलाबी का सुटली? एक मोठं कारण तिच्या खाण्यात आहे. अमेरिकन अळी हरभरा, तूर, टोमॅटो, मका, काहीही खाते. तिथे बीटी नाही, त्यामुळे विषाला बळी पडणारे पतंगही वाढत राहतात, आणि त्यांच्याशी संकर झाल्यानं सहनशक्ती पातळ होते. गुलाबी बोंडअळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते, फार तर भेंडी-अंबाडीसारख्या तिच्या गोतावळ्यावर. सगळं शिवार बीटीचं झालं की तिच्या प्रत्येक पिढीची गाठ त्याच विषाशी, आणि जगतात त्या फक्त सहन करणाऱ्या. म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुड्याबरोबर बिगरबीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट दिलं जायचं, कडेनं लावण्यासाठी. किती जणांनी ते लावलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आपल्याकडे संकरित वाण, ज्यांच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी आणि काही बिनविषारी निघतात. अळीला सरावाला याहून सोयीची जागा मिळणार नाही. गुजरातेत पहिल्या प्रथिनाला ती पुरून उरल्याचं २००९-१० मध्ये दिसलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रानं त्याचा पूर्ण फटका सोसला.

दुसरी गोष्ट लपण्याच्या सवयीची. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. बोंड बाहेरून निरोगी, आत कवडी, म्हणजे किडून घट्ट झालेला कापूस. म्हणून तिच्यासाठी आधीच्या खुणा पाहाव्या लागतात : पाकळ्या जाळ्यानं बांधून टाकलेली डोमकळी, आणि सापळ्यातले नर. एकरी दोन सापळे, आणि सलग तीन रात्री प्रत्येकात आठ किंवा जास्त नर आले तर वेळ झाली असं समजायचं. आता ही मोजणी करताना पिशवीतली सगळीच पाखरं मोजली तर आकडा फुगतो. वर सांगितलेली मागच्या पंखाची खूण इथे कामाला येते.

‘मग सगळेच पतंग मारले तर?’

पाच हजारांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रजाती आपलं पीक खातात. बाकीच्या रानातल्या झाडांवर गुपचूप जगतात आणि पक्षी, वटवाघळं, कोळी यांच्या पोटात जातात. काही तर माणसाच्या बाजूच्या. विलायती बाभळीनं ऑस्ट्रेलियाची कुरणं बळकावली तेव्हा १९९८ मध्ये तिथे अर्जेंटिनातला याच कुळातला एक पतंग मुद्दाम सोडला गेला. तो तिची पानं बांधून खातो आणि तिची वाढ रोखतो. आणि आपल्या कोठीतल्या पाखराची अंडी जगभर ट्रायकोग्रामा नावाची मित्रकीटक गांधीलमाशी वाढवायला वापरतात. तिचीच एक जवळची नातलग गुलाबी बोंडअळीची अंडी फस्त करते.

अमेरिकेत संपली, मग इथे का नाही?

टेक्ससमध्ये गुलाबी बोंडअळी सापडली १९१७ मध्ये, आणि अमेरिकेनं कपाशीच्या प्रदेशातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं २०१८ मध्ये. बीटी, गंधानं नराची दिशाभूल, आणि विमानातून सोडलेले कोट्यवधी निर्बीज पतंग, असं सगळं एकदम वापरून, उत्तर मेक्सिकोला सोबत घेऊन. ती जवळपास कपाशीवरच जगते हा तिचा कच्चा दुवा त्यांनी बरोबर पकडला. घाटेअळीबाबत हे जमणार नाही, तिचं घर प्रत्येक पिकात.

दोन-चार एकरांची वावरं आणि शेजाऱ्याचं वेगळं वेळापत्रक असलेल्या आपल्या शिवारात विमानांचा मार्ग अवघड आहे. पण तोच कच्चा दुवा इथेही आहे, फक्त तो कॅलेंडरवर आहे. पाणी आहे म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवलेलं कपाशीचं जुनं पीक, म्हणजे फरदड, आणि बांधावर रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, तिला उन्हाळ्यापर्यंत सांभाळतात. शेवटच्या अळ्या दोन सरक्या जाळ्यानं जोडून त्यांच्यात झोपून राहतात आणि कापसाबरोबर जिनिंगच्या आवारातही पोचतात. मे-जूनमध्ये त्यांचे पतंग बाहेर पडतात. ठिबकावर मे महिन्यातच लावलेल्या कपाशीला लवकर पाते-फुलं धरली, की पहिल्या पिढीला घर तयार मिळतं. कृषी विभाग मे महिन्यात लागवड नको म्हणतो ते यासाठी. लागवड जूनमध्ये झाली, तर त्या पतंगांना अंडी घालायला आसपास एकही फूल नसतं, आणि थोड्याच दिवसांचं त्यांचं आयुष्य तसंच संपतं.